लिनक्सच्या झोपेची पंचवीस वर्षे

१७ डिसेंबर २००३ रोजी लिनक्स कर्नलची २.६.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. दोन वर्षे चाललेल्या २.५ मालिकेतल्या उलथापालथीनंतर हाती आलेले ते फळ होते आणि त्याचे स्वागतही तसेच झाले. पण या आवृत्तीचा कोड उघडून पाहणाऱ्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसत होती. संगणकाची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर लिहून ठेवायची, वीज पूर्ण बंद करायची आणि पुन्हा बटण दाबल्यावर अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून काम पुढे सुरू करायचे, म्हणजे हायबरनेशन. या एकाच कामासाठी कर्नलमध्ये दोन स्वतंत्र यंत्रणा शेजारी शेजारी नांदत होत्या. एकीचे नाव स्वसस्प, दुसरीचे पीएमडिस्क. दोन्हींचे मूळ एकच होते आणि त्यांच्या कर्त्यांमध्ये त्या वर्षी कडाक्याचे भांडण झाले होते. तिसरी यंत्रणा कर्नलच्या बाहेर पॅचच्या रूपाने फिरत होती, आणि लॅपटॉप वापरणाऱ्या पुष्कळांच्या मते तीच सर्वांत चांगली चालत होती.

एका म्यानात दोन तलवारी का शिरल्या आणि तिसरी बाहेर का राहिली, याचे उत्तर शोधत गेले की लिनक्सच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा हाती लागतो. हायबरनेशन ही सुविधा वापरणारे नेहमीच थोडे होते. पण ती नीट चालवण्याच्या खटाटोपात कर्नलला आपल्या पोटातली प्रत्येक वस्तू नव्याने ओळखून घ्यावी लागली, आणि त्या ओळखीचा फायदा आज प्रत्येक लिनक्स यंत्राला होतो आहे. हे श्रेय हायबरनेशनवर खपलेल्या लोकांना क्वचितच दिले जाते, म्हणून ही हकीकत सविस्तर सांगावीशी वाटते.

नव्वदच्या दशकात लॅपटॉपला झोपवणे हे ऑपरेटिंग सिस्टिमचे काम नव्हतेच. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम नावाची पद्धत आखली. तिच्यात सगळी सूत्रे बायोसकडे होती. झाकण मिटले की बायोस जागा होई, ऑपरेटिंग सिस्टिमला बाजूला सारून मेमरी डिस्कवरच्या एका खास पार्टिशनमध्ये ओती आणि वीज तोडी. हे पार्टिशन मेमरी आणि व्हिडिओ मेमरी दोन्ही मावतील एवढे मोठे असावे लागे आणि ते तयार करायचे साधन बहुधा डॉसवर चालणारे असे. लिनक्स बसवताना कोणी ते अनोळखी पार्टिशन पुसून टाकले, तर झोपेची सोयही त्याच्याबरोबर जाई. फिनिक्स कंपनीच्या बायोससाठी लिनक्सच्या लोकांनी असे पार्टिशन बनवणारे छोटे साधन लिहिलेही होते. तरी मूळ अडचण तशीच राही. बायोसमध्ये चूक असेल, तर ती दुरुस्त करणे कोणाच्याच हातात नव्हते.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हा नवा करार जाहीर केला. त्याने सत्ता उलटी फिरवली. यंत्राची माहिती फर्मवेअरने तक्त्यांच्या रूपात द्यायची आणि निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यायचे. झोपेच्या पायऱ्याही ठरल्या. एस३ म्हणजे मेमरीला थेंबभर वीज चालू ठेवून घेतलेली झोप, एस४ म्हणजे सारे डिस्कवर ठेवून घेतलेली गाढ झोप. विंडोज २००० ने ही जबाबदारी उचलली. लिनक्सकडे मात्र तेव्हा तक्ते वाचण्याचीही धड सोय नव्हती.

गाबोर कुती या हंगेरियन तरुणाने वेगळा विचार केला. बायोसवर आणि एसीपीआयवर अवलंबून न राहता कर्नलनेच आपली मेमरी डिस्कवर लिहिली तर? कोडच्या माथ्यावर त्याच्या नावापुढे १९९८ हे साल आहे. त्याच्या जोडीला आला प्राग शहरातला पावेल माखेक. जाळ्यातून दुसऱ्या यंत्राची डिस्क आपलीच असल्यासारखी वापरू देणारे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस याच माखेकने लिहिलेले. पुढे फ्लोराँ शाबो या फ्रेंच विकासकाने २.४ मालिकेसाठी हे काम चालवले. या यंत्रणेचे नाव सॉफ्टवेअर सस्पेंड आणि आटोपशीर रूप स्वसस्प.

कल्पना सांगायला सोपी वाटते, पण तिच्यातला पेच विलक्षण आहे. मेमरीची प्रत काढणारा कर्नल स्वतःच त्या मेमरीत राहतो. समूहछायाचित्रात छायाचित्रकारालाही उभे राहायचे असावे आणि कॅमेराही त्यानेच धरलेला असावा, तशी ही गत आहे. शिवाय प्रत काढताना काहीही हलता कामा नये, आणि काढलेली प्रत डिस्कवर लिहायची तर डिस्कचा ड्रायव्हर जागा हवा. ड्रायव्हर जागा झाला की मेमरी बदलली.

स्वसस्पने हा पेच टप्प्याटप्प्याने सोडवला. आधी सगळे प्रोग्रॅम गोठवायचे. कर्नल प्रत्येक प्रोसेसला एक खोटा सिग्नल पाठवतो आणि ती सोयीच्या जागी आली की तिला एका फंक्शनमध्ये उभे करून ठेवतो. त्या फंक्शनचे नाव रेफ्रिजरेटर. मग मेमरीतला फेकून देता येईल असा भाग फेकून निम्मी मेमरी रिकामी करायची. त्यानंतर सर्व उपकरणांना शांत करायचे, इंटरप्ट बंद करायचे, आणि या निःशब्द क्षणी व्यापलेल्या अर्ध्या मेमरीची प्रत रिकाम्या अर्ध्यात उतरवायची. प्रत पूर्ण झाली की उपकरणे पुन्हा जागी करायची. आता मूळ मेमरी बदलली तरी चालते, कारण प्रत सुरक्षित आहे. ती प्रत स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी कमी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेत, लिहायची आणि वीज बंद.

उठताना कर्नल आधी नेहमीसारखाच सुरू होतो. स्वॅपच्या पहिल्या पानाच्या अगदी शेवटी दहा अक्षरांची खूण असते, ‘स्वॅपस्पेस२’ अशी. झोपण्यापूर्वी स्वसस्पने तिच्या जागी ‘एस१सस्पेंड’ लिहिलेले असते. ही खूण दिसली की नवा कर्नल डिस्कवरची प्रत वाचतो, स्वतःची उपकरणे शांत करतो आणि जुनी पाने त्यांच्या जुन्या जागी परत ठेवत शेवटी स्वतःलाच पुसून टाकतो. त्यापुढचे पाऊल जुना कर्नल टाकतो. खूण वाचल्यावर ती लगेच मूळ स्थितीत आणली जाते, म्हणजे उठणे फसले तर पुढच्या वेळी यंत्र त्याच खड्ड्यात पुन्हा जात नाही.

यातला सर्वांत सुंदर भाग एका चिमुकल्या चलात आहे. प्रत काढणारे फंक्शन एकदा बोलावले जाते, पण परतते दोनदा. एकदा प्रत काढून झाल्यावर, आणि एकदा कदाचित आठवड्याने, झोपेतून उठल्यावर. दोन्ही वेळा मेमरी, रजिस्टर, पुढची ओळ सारे सारखेच. मग कर्नलला कसे कळावे की आत्ता आपण झोपायला निघालो आहोत की नुकतेच उठलो आहोत? त्यासाठी एक चल मुद्दाम प्रतीच्या बाहेर ठेवला आहे. मेमरीचा तो कोपरा कधीच डिस्कवर जात नाही आणि परतही आणला जात नाही. त्यामुळे उठल्यावर तिथे नुकत्याच सुरू झालेल्या कर्नलने ठेवलेली किंमत दिसते, आणि जुना कर्नल समजतो की रात्र सरली. ही रचना पहिल्यांदा समजली की आजही अंगावर रोमांच येतात.

मे २००२ मध्ये २.५.१८ या विकास-आवृत्तीत स्वसस्प मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली. तिच्याबरोबरच्या टिपणात वापरणाऱ्यांना सणसणीत इशारा होता. झोपणे आणि उठणे यांच्या मधल्या काळात डिस्कवरच्या फाइलसिस्टिमला हात लावला, तर माहिती गेली म्हणून समजा. हा इशारा अतिशयोक्तीचा नव्हता. झोपलेल्या कर्नलच्या मेमरीत फाइलसिस्टिमचा त्या क्षणाचा नकाशा असतो. मध्येच दुसऱ्या कोणी डिस्कवर लिहिले, तर उठलेला कर्नल जुन्या नकाशाने नव्या जमिनीवर चालू लागतो. नुसते वाचण्यासाठी म्हणून माउंट करणेही धोक्याचे होते, कारण ईएक्सटी३ ही फाइलसिस्टिम तेवढ्यातही आपले जर्नल पुन्हा वाजवून डिस्कवर बदल करते. हाच नियम पुढे उलट बाजूनेही भेटला. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ ने ‘फास्ट स्टार्टअप’च्या नावाखाली बंद करतानाच अर्धे हायबरनेशन सुरू केले, आणि एकाच यंत्रावर दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्यांना लिनक्स विंडोजच्या डिस्कवर लिहू देईना. लोक वैतागले, पण लिनक्सचे ते वागणे अगदी योग्य होते.

स्वसस्प चालू लागली, तेव्हा कळले की खरे दुखणे तिच्यात नाहीच. ते ड्रायव्हरमध्ये होते. शांत हो म्हटल्यावर शांत होणारा आणि जागा हो म्हटल्यावर पूर्वस्थितीत येणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये दुर्मीळ होता. त्याहून वाईट म्हणजे कोणाला आधी झोपवायचे आणि कोणाला नंतर, हेच कर्नलला माहीत नव्हते. यूएसबीचा कंट्रोलर झोपला आणि त्याला जोडलेली डिस्क जागी राहिली, तर ती डिस्क कोणाशी बोलणार? क्रम ठरवायचा तर कोणते उपकरण कोणाच्या आधाराने उभे आहे याची पूर्ण वंशावळ हवी. अशी वंशावळ लिनक्सकडे नव्हती. पीसीआयची यादी वेगळी, यूएसबीची वेगळी, बाकीच्यांचा पत्ताच नाही.

ही वंशावळ पॅट्रिक मोशेल यांनी उभी केली. ओएसडीएल या संस्थेत काम करताना २.५ च्या काळात त्यांनी नवे ड्रायव्हर मॉडेल लिहिले. यंत्रातले प्रत्येक उपकरण एका झाडावर, आई-बापांसह. हे झाड वापरणाऱ्यांना दिसावे म्हणून सिसएफएस आली. आज पेन ड्राइव्ह लावल्यावर तो ओळखला जातो, बॅटरीची टक्केवारी कोपऱ्यात दिसते, बॅकलाइट कमी-जास्त होतो, ते याच झाडाच्या आधाराने. त्याच्या जन्मामागची एक मोठी गरज होती झोपेची. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत झोपवत जायचे आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उठवत यायचे.

एवढे करून मोशेल स्वसस्पकडे वळले. तिचा कोड त्यांना पसंत नव्हता आणि ते गैरही नव्हते. तो वाढत वाढत गेलेला, वाचायला अवघड कोड होता. २००३ च्या ऑगस्टमध्ये, २.६.० ची चाचणी-आवृत्ती हाताशी असताना, त्यांनी वीज-व्यवस्थापनाची मोठी फेररचना करून ती लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडून मुख्य कर्नलमध्ये घालून घेतली. स्वसस्पचा सांभाळ करणारे माखेक संतापले. चालणारी गोष्ट प्रकाशनाच्या तोंडावर मोडली गेली, आणि ज्याच्या अंगणात हे घडले त्याला विचारले गेले नाही, ही त्यांची तक्रार. मोशेल यांचे म्हणणे, आत्ता घर नीट लावले नाही तर पुढे कधीच लागणार नाही. दोघांचेही बरोबर होते. मला विचाराल तर रचनेच्या बाजूने मोशेल आणि वेळेच्या बाजूने माखेक. शेवटी तडजोड अशी झाली की जुनी स्वसस्प परत आणायची आणि मोशेल यांची आवृत्ती पीएमडिस्क या नावाने वेगळी ठेवायची. सुरुवातीला सांगितलेली म्यानातली दोन पाती ती हीच. २००४ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाली, आणि ते जोडकाम स्वतः मोशेल यांनीच पॅचच्या लांबलचक मालिकेने केले. नाव स्वसस्पचे राहिले, आतली बरीचशी शिस्त पीएमडिस्कची आली. भांडणानंतर दुसऱ्याच्या नावाखाली आपले काम मिसळून देण्याचा हा उमदेपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तिसरी तलवार नायजेल कनिंगहॅम यांची. ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा इथे चर्चच्या सेवाकार्यात असलेला हा गृहस्थ शाबो यांच्या पॅचपासून सुरुवात करून कुठल्या कुठे पोहोचला. त्यांच्या सॉफ्टवेअर सस्पेंड २ ची २.० आवृत्ती २००४ च्या सुरुवातीला आली, आणि काही काळ सायक्लेड्स या कंपनीने त्यांना या कामासाठी आधारही दिला.

कनिंगहॅम यांनी नेमके दुखरे ठिकाण पकडले होते. स्वसस्पला निम्मी मेमरी रिकामी करावी लागे. त्यासाठी डिस्कवरून वाचून ठेवलेली पाने फेकली जात, आणि उठल्यावर यंत्र जिवंत दिसले तरी कितीतरी वेळ अडखळत चाले. ब्राउझरची खिडकी पुढे आणली की डिस्क खरखरत राही. कनिंगहॅम यांनी पाने दोन गटांत विभागली. प्रोग्रॅम गोठलेले असताना ज्यांना कोणी हात लावणार नाही, ती पाने प्रत न काढता थेट आधीच डिस्कवर लिहायची. ती लिहून झाली की त्यांचीच जागा उरलेल्या पानांची प्रत काढायला वापरायची. अशा रीतीने जवळपास सगळी मेमरी जशीच्या तशी वाचते. जोडीला दाबून लिहिण्याची सोय, त्यामुळे डिस्कवर कमी बाइट जात आणि वेळ वाचे. पडद्यावर प्रगतीची पट्टी, मन बदलले तर एस्केप दाबून माघार, स्वॅपऐवजी साध्या फाइलमध्ये लिहिण्याची मुभा. २००७ मध्ये या प्रकल्पाने टक्सऑनआइस असे नाव घेतले. जेंटूसारख्या वितरणांमध्ये त्याचा कर्नल तयार मिळे.

मग हे मुख्य कर्नलमध्ये का गेले नाही? एक कारण आकाराचे. पॅच प्रचंड होता, आणि एवढा कोड एकदम घेणे सांभाळणाऱ्यांना मान्य नव्हते. दुसरे तत्त्वाचे. ज्या पानांना कोणी हात लावणार नाही असे धरले आहे, त्यांना खरेच कोणी हात लावत नाही याची हमी कोण देणार? एका पानाची गफलत झाली तरी फाइलसिस्टिम बिघडेल. तिसरे कारण माखेक यांच्या मताचे. पट्टी, दाबणे, कुलूपबंद करणे ही कामे कर्नलची नव्हेत, ती बाहेरच्या प्रोग्रॅमने करावीत. वॉर्साच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे राफाएल विसॉत्स्की या सुमारास स्वसस्पमध्ये आले होते. या दोघांनी मिळून तशी यंत्रणा लिहिली आणि जून २००६ मध्ये २.६.१७ मध्ये ती आली. कर्नल फक्त प्रत काढून एका उपकरण-फाइलमधून बाहेर देणार, पुढचे सगळे बाहेरचा प्रोग्रॅम पाहणार.

वापरणाऱ्यांच्या दृष्टीने हे दिवस नाकी नऊ आणणारे होते. प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळी. कुठे झोपण्यापूर्वी वायफायचा ड्रायव्हर काढून टाकावा लागे, कुठे यूएसबीचा, कुठे साउंड कार्डाचा, आणि हे करणाऱ्या स्क्रिप्ट हातोहात फिरत. काही लॅपटॉपवर एस३ झोपेतून उठल्यावर पडदा काळाच राही, म्हणून कोणत्या मॉडेलला कोणती युक्ती लागू पडते याची यादीच सोबत ठेवावी लागे. या बाबतीत हायबरनेशन थोडे बरे होते. उठताना बायोस व्हिडिओ कार्ड नव्याने सुरू करून देई, त्यामुळे पडदा परत येण्याची शक्यता जास्त. टोरवाल्ड्स यांनीही २००६ मध्ये हा त्रास स्वतःच्या हाताने उपसला. एस३ मधून उठताना यंत्र कुठे अडकते ते कळत नाही, कारण पडदा नाही आणि मेमरीही रीबूटमध्ये जाते. त्यांनी शेवटची खूण थेट बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळात लिहून ठेवण्याची शक्कल काढली. रीबूट केल्यावर तारीख भलतीच दिसे, पण त्या भलत्या तारखेतून दोषी ड्रायव्हर सापडे.

एप्रिल २००७ मध्ये टोरवाल्ड्स यांनी या साऱ्या मांडणीवरच हल्ला चढवला. त्यांचा मुद्दा मूलभूत होता. मेमरीत झोपणे आणि डिस्कवर झोपणे यांना एकाच वाटेने नेणे चूक आहे. प्रत काढण्यासाठी उपकरण फक्त क्षणभर स्तब्ध व्हायला हवे, त्याची वीज कमी करायची गरज नाही. पण वाट एकच असल्यामुळे डिस्क फिरायची थांबे, प्रत निघे, लगेच डिस्क पुन्हा फिरू लागे, प्रत लिहिली जाई आणि शेवटी ती परत थांबे. शिवाय डिस्कवर झोपण्याच्या भानगडींनी मेमरीतली साधी झोपही बिघडत होती.

त्या चर्चेची भाषा कडू होती, पण निष्कर्ष खरा होता, आणि तो प्रत्यक्षात आणण्याचे कष्ट विसॉत्स्की यांनी घेतले. त्यांच्याविषयी मला विशेष आदर आहे. त्यांनी वर्षभरात दोन्ही वाटा वेगळ्या केल्या आणि २००८ मध्ये ड्रायव्हरांसाठी नवी हुकूमावली आणली. मेमरीतल्या झोपेसाठी झोप आणि ऊठ. डिस्कवरच्या झोपेसाठी गोठ, वितळ, वीज तोड आणि पूर्ववत हो, असे चार स्वतंत्र हुकूम. शेकडो ड्रायव्हर या नव्या रचनेत आणायला वर्षे गेली. याच सुमारास आणखी एक कोडे सुटले. एसीपीआयने आपल्यासाठी राखलेली मेमरी झोपताना जतन न केल्यामुळे कित्येक लॅपटॉप उठताना भ्रमिष्टासारखे वागत होते. ती जतन केल्यावर बॅटरी आणि चार्जरची माहिती पुन्हा नीट येऊ लागली. मार्च २००९ च्या २.६.२९ मध्ये इंटेलच्या ग्राफिक्सचा ताबा कर्नलने स्वतःकडे घेतला, आणि काळ्या पडद्याचा प्रश्न हळूहळू मिटत गेला.

कनिंगहॅम यांनी २००९ मध्ये टक्सऑनआइस मुख्य कर्नलमध्ये नेण्याचा पुन्हा प्रयत्न केला. तो संपूर्णपणे फळाला आला नाही. पण जानेवारी २०११ च्या २.६.३७ मध्ये कर्नलच्या स्वतःच्या हायबरनेशनला दाबून लिहिणे आले, किती मेमरी वाचवायची ते ठरवण्याची मुभा त्याआधीच आली होती, स्वॅप फाइलमध्ये झोपणे २००७ पासून शक्य होते. त्यांनी बाहेर सिद्ध करून दाखवलेल्या गोष्टी एकेक करून आत येत होत्या. त्यांच्या पॅचने कितीतरी वर्षे लोकांचे लॅपटॉप चालवले आणि मुख्य कर्नलपुढे मोजपट्टी ठेवली. कर्नलमध्ये नाव न लागलेल्या या कामाला मी अपयश म्हणणार नाही.

आता यंत्रणा सुधारली, तर काळ फिरला. एप्रिल २०१२ च्या उबुंटू १२.०४ ने हायबरनेशनचा पर्याय मेन्यूतून काढून टाकला. सर्व यंत्रांवर ते चालेल याची खात्री देता येत नव्हती. २०१४ मध्ये ३.१४ आवृत्तीत सुरक्षेसाठी कर्नल मेमरीत दर वेळी वेगळ्या जागी बसवण्याची सोय आली. हायबरनेशनला सगळे जुन्या पत्त्यावर हवे असते, म्हणून दोन्हींतले एकच घेता येई. हा तिढा ४.८ मध्ये, २०१६ साली सुटला. २०१७ पासून उबुंटू स्वॅप पार्टिशनऐवजी स्वॅप फाइल देऊ लागला, आणि ती फाइल डिस्कवर नेमकी कुठे सुरू होते तो आकडा शोधून कर्नलला सांगणे वापरणाऱ्याच्या नशिबी आले. २०२० मध्ये फेडोरा ३३ ने मेमरीतच दाबून ठेवलेला स्वॅप हा रिवाज केला. वीज गेली की तो स्वॅपही जातो, मग त्यात झोपायचे कसे? डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्यांची अडचण निराळी. स्वॅपचे कुलूप दर वेळी नव्या किल्लीने लावायची पद्धत सुरक्षित खरी, पण झोपताना किल्ली हरवते आणि सकाळी कुलूप उघडत नाही. किल्ली कायमची ठेवून सुरुवातीलाच पासवर्ड मागणे हाच त्यावर उपाय.

आणि तरीही गरज परत आली. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांमध्ये एस३ झोप उरलेली नाही. तिच्या जागी यंत्र अर्धवट जागे राहते, फोनसारखे. कुठला तरी ड्रायव्हर नीट शांत झाला नाही तर बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापतो आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी रिकामी होते. अशा लोकांना डिस्कवरची गाढ झोप पुन्हा हवीशी वाटू लागली. २०१८ मध्ये यंत्रातल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडी या प्रोग्रॅमने आधी मेमरीत झोप आणि ठराविक वेळानंतर आपोआप डिस्कवर झोप अशी सोय दिली. त्याच वर्षी ॲमेझॉनने आपल्या भाड्याच्या क्लाउड-यंत्रांसाठी हायबरनेशन सुरू केले. लॅपटॉपसाठी जन्मलेली गोष्ट डेटा सेंटरमध्ये जाऊन बसली. २०२३ मध्ये सिस्टिमडीने आपण कुठे झोपलो आहोत ते यूईएफआय या फर्मवेअरच्या एका व्हेरिएबलमध्ये नोंदवायला सुरुवात केली. उठताना कर्नलला हाताने पत्ता देण्याची जी कटकट २००२ पासून चालत आली होती, ती अशा यंत्रांवर संपली.

एक दार मात्र अजून बंद आहे. सिक्युअर बूट चालू असताना फक्त सही असलेला कर्नल सुरू होऊ शकतो. पण एखाद्या घुसखोराने रूट या सर्वाधिकारी खात्याचा ताबा मिळवून स्वॅपमध्ये बनावट प्रत लिहून ठेवली, तर सही असलेला कर्नल ती निमूटपणे वाचून स्वतःला तिच्या हवाली करेल. म्हणून २०१९ मध्ये ५.४ आवृत्तीत रूटलाही चालू कर्नलमध्ये बदल करू न देणारी लॉकडाउन ही स्थिती आली, तेव्हा त्या स्थितीत हायबरनेशनवर बंदी आली. सूसेचे ली चुन-यी २०१३ पासून प्रतीवर सही करण्याचे पॅच पाठवत होते. २०२१ मध्ये मॅथ्यू गॅरेट यांनी टीपीएम ही सुरक्षा-चिप वापरायचा मार्ग सुचवला. प्रत ज्या किल्लीने कुलूपबंद करायची, ती किल्ली चिपमध्ये अशा अटीवर ठेवायची की कर्नलशिवाय कोणालाच, अगदी रूटलासुद्धा, ती बाहेर काढता येऊ नये. त्यासाठी चिपमधले २३ क्रमांकाचे रजिस्टर फक्त कर्नलसाठी राखायचे. गूगलच्या इव्हान ग्रीन यांनी २०२२ मध्ये क्रोमओएसच्या निमित्ताने हे पॅच पुढे नेले. मुख्य कर्नलमध्ये ते अजून शिरलेले नाहीत. तोवर सिक्युअर बूट आणि लॉकडाउन चालू असलेल्या लॅपटॉपवर हायबरनेशन हवे असेल, तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणे एवढाच मार्ग बहुतेकांपुढे आहे. सुरक्षा की झोप, अशी निवड कोणालाही करायला लावणे बरे नव्हे, आणि गॅरेट-ग्रीन यांचा मार्ग जितका अभ्यासावा तितका तो पक्का वाटतो. हे पॅच उचलून पुढे नेणारा कोणीतरी लवकर पुढे यावा, अशी मनापासून इच्छा आहे.